अभ्यासिकेच्या बॅटरीबद्दल आलेल्या एक स्टारला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार अशी: चारपैकी एकच बॅटरी खराब होती, तरी आम्ही चारही बदला म्हणत होतो. तुम्ही एकच बदलली, ती सात महिन्यांत बसली, आणि वॉरंटीत नवीन द्यायची सोडून आम्ही तीच चार्ज करून तुमच्या माथी मारली. मानेवाड्याला तुमच्या अभ्यासिकेत मी स्वतः आलो होतो, म्हणून उत्तरही मीच देतो.

आधी आमची चूक. बॅटरी दुकानात नऊ दिवस पडून राहिली आणि तेवढ्या दिवसांसाठी दुसरी लावून दिली नाही. ४८ व्होल्टचा इन्व्हर्टर तीन बॅटऱ्यांवर चालत नाही, म्हणजे नऊ दिवस बॅकअप शून्य. परीक्षा तोंडावर आलेली पोरं मोबाइलच्या उजेडात वाचत बसली. यावर माझ्याकडे सबब नाही.

आता 'माथी मारली' त्याबद्दल. ती बॅटरी आली तेव्हा सहाही सेलची (आतल्या कप्प्यांची) ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, ११८० च्या आसपास होती; बॅटरी चार्ज होते तशी ती वाढते. सेलमध्ये बनावटीचा दोष असला की बहुतेक वेळा एखादाच सेल खाली जातो. तुमच्या पहिल्या खराब बॅटरीत आठवा, पाच सेल १२४० ला आणि चौथ्यात हायड्रोमीटरचा, म्हणजे घनता मोजायच्या नळीचा, फ्लोट तळाला जाऊन बसला होता. सहाही सारखे खाली असले तर बॅटरी मेलेली नाही, उपाशी आहे. तिला एकटीला रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हळू चार्जिंगवर ठेवलं, १२४० वर आली, लोडवरही टिकली. अशी बॅटरी कंपनी क्लेममध्ये घेत नाही, आणि मी खोटं रीडिंग लिहून पाठवणार नाही.

उपाशी का राहिली? चारही बॅटऱ्या एकाच लाइनीत आहेत, करंट सगळ्यांना सारखाच. साडेचार वर्षांच्या तिघींची क्षमता घटलेली, त्या लवकर भरतात, त्यांचं व्होल्टेज चढतं. चार्जर बघतो फक्त चौघींची बेरीज. पंगतीत तिघं हात धुऊन उठले आणि वाढप्याने परात उचलली, असं समजा. चौथा पोट्टा अर्धपोटीच. रोज असं झालं की नवीन बॅटरीच्याही प्लेटांवर सल्फेट बसायला लागतं.

बेरजेचा घोळ पहिल्या वेळीही झाला होता. इन्व्हर्टर ४८.४ दाखवत होता म्हणून तुम्हाला सगळं ठीक वाटलं. पण तीन बॅटऱ्या १२.६ ला आणि एक १०.६ ला असली तरी बेरीज तेवढीच येते. एकेक बॅटरी वेगळी मोजल्याशिवाय हे कळत नाही.

चार बदला म्हटलं ते याच कारणाने. पण तेवढा एकच मार्ग नव्हता, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. तितक्याच वयाची, तितक्याच अँपिअरची, जुनी पण धडधाकट बॅटरी मिळाली असती तर काही काळ निघाला असता. माझ्याकडे तेव्हा तशी नव्हती, आणि शोधायचा मी त्रासही घेतला नाही. आता एक आली आहे, १५० अँपिअरची. सेल मोजून ठेवलेत. ती पटली तर फक्त तिचे पैसे द्या, लावायचे आणि नेण्या-आणण्याचे घेणार नाही. तुमची नवीन बॅटरी दुकानात जपून ठेवतो, पुढे चारही बदलाल तेव्हा तिची किंमत धरू.

एक गोष्ट तुमच्याकडचीही सांगतो, राग मानू नका. तुमचा पोट्टा बॅटरीत आरओचं पाणी टाकून राहिला होता. आरओच्या पाण्यात क्षार उरतातच, डिस्टिल्डच टाका. तीन कूलर इन्व्हर्टरवर आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर, पाणी तर उडणारच.

गुरुवारी सकाळी अकराला आमचा माणूस हायड्रोमीटर घेऊन येईल. त्याआधी मात्र पाणी टाकू नका, नुसतं टाकलेलं पाणी वरच राहतं आणि रीडिंग चुकतं.