‘फोटो काढा, ९९ टक्के अचूक रोग ओळखा’: हा आकडा कुठल्या शेतातला?

हंगाम सुरू झाला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच: ‘पानाचा फोटो काढा. एआय ९९ टक्के अचूक रोग ओळखतं, कुठल्याही पिकाचा, अगदी सुरुवातीलाच. औषधही तिथंच सांगतं. आता प्रयोगशाळा नको आणि कृषी सहायकाची वाट बघायलाही नको.’ यातलं प्रत्येक वाक्य वेगळ्या तऱ्हेनं फसवं आहे. शेवटचं तर अर्धं खरंही आहे. एकेक घेऊ.

‘९९ टक्के अचूक’

आकडा हवेतला नाही. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाते या तिघांनी ‘प्लांटव्हिलेज’ या फोटोसंग्रहावर संगणकाला रोग ओळखायला शिकवलं आणि ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. संग्रहात ५४,३०६ फोटो होते. अमेरिकेतल्या विद्यापीठांशी जोडलेल्या प्रक्षेत्रांवर पान तोडायचं, एकरंगी कागदावर ठेवायचं आणि फोटो घ्यायचा, अशी पद्धत. परीक्षाही त्याच संग्रहातून बाजूला काढलेल्या फोटोंवर झाली. त्याच शोधनिबंधात पुढं स्पष्ट लिहिलंय, की दुसऱ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या थोडी वर, एवढीच राहिली. संशोधकांनी काही लपवलेलं नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं एक आकडा उचलला आणि दुसरा सोडून दिला.

संगणक नेमकं काय शिकला होता, याची झलक २०२२ मध्ये मिळाली. एका संशोधकानं याच संग्रहातल्या प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल (फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते) घेतले, पानाचा भाग सोडूनच दिला, आणि तेवढ्यावर रोग ओळखायला लावला. उत्तरं ४९ टक्के बरोबर आली! संग्रहात पीक आणि त्याची अवस्था (रोग किंवा निरोगी) अशा जोड्यांचे ३८ पर्याय आहेत. डोळे मिटून त्यांतला एक निवडला तर २.६ टक्केच बरोबर येतील. एका रोगाचे फोटो बहुधा एकाच बैठकीत, एकाच उजेडात काढले जातात. मग कागदाची छटाच रोगाचं नाव सांगून जाते. आपल्या बांधावर तो कागद नसतो. तिथं तण असतं, सावली असते, फोटो काढणाऱ्याचा अंगठा असतो.

आयआयटी गांधीनगरच्या गटानं म्हणूनच ‘प्लांटडॉक’ हा वेगळा संग्रह उभा केला. त्यात २,५९८ फोटो आहेत, पण मोकळ्या परिस्थितीतले. ते तपासून नावं लावायला माणसांचे सुमारे ३०० तास गेले. खरं काम असं कंटाळवाणं असतं, त्याचा मेसेज फिरत नाही.

‘कुठल्याही पिकाचा’

इथं जरा थांबायला हवं, कारण पैसा इथंच बुडतो. प्लांटव्हिलेजच्या त्या संग्रहात पिकं १४. सफरचंद, ब्लूबेरी, चेरी, पीच आहेत. कापूस नाही, ऊस नाही, तूर नाही, कांदा नाही, डाळिंब नाही.

जी पिकं आपली वाटतात त्यांचं काय? द्राक्षाचे तीन रोग आहेत: ब्लॅक रॉट, एस्का आणि पानावरचा एक करपा. नाशिक-सांगलीचा बागायतदार ज्या दोघांसाठी रात्री उठून हवामान बघतो ते डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग यादीतच नाहीत. सोयाबीनचे ५,०९० फोटो आहेत आणि सगळेच्या सगळे निरोगी पानांचे. म्हणजे लातूरच्या रानात पिवळ्या मोझॅकनं झाड पिवळंधमक झालेलं असलं, तरी या संग्रहावर शिकलेल्या संगणकाकडं सोयाबीनसाठी एकच शेरा आहे, ‘निरोगी’. नाहीतर तो दुसऱ्याच पिकाचा रोग सांगेल. असं मॉडेल ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. चपलेचा फोटो दिला तरी ३८ पैकी एक नाव येईलच, वर टक्केवारीसकट.

संत्र्याची गोष्ट याच्या नेमकी उलटी. ५,५०७ फोटो, सगळे ग्रीनिंग रोगाचे, निरोगी पान एकही नाही. आता नागपूर-अमरावतीकडचं जस्ताच्या कमतरतेचं पान डोळ्यांपुढं आणा. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आणि मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना पिवळेपणा साधारण सारखा. ग्रीनिंगमध्ये तो दोन बाजूंना सारखा नसतो, डाव्या अंगाला एक ठिगळ तर उजव्या अंगाला दुसरीकडंच. जाणकार माणूस पान उजेडात धरून हा फरक बघतो. पण ज्याला संत्र्याचं दुसरं काही दाखवलेलंच नाही, तो जस्ताच्या पानालाही ग्रीनिंगच म्हणणार. जस्ताला फवारणीचा उपाय आहे. ग्रीनिंगला खात्रीचा इलाज नाही, झाड काढण्यापर्यंत गोष्ट जाते.

आजची सगळी अ‍ॅप्स याच संग्रहावर चालतात असं माझं म्हणणं नाही. काहींनी स्वतःचे फोटो जमवलेत. पण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे ढीगभर प्रोजेक्ट याच्यावर झालेत, आणि ९९चा आकडा तिथूनच गावोगाव पोचतो. अ‍ॅपवाल्याला एवढंच विचारा: माझ्या पिकाचे, माझ्या भागातले किती फोटो दाखवलेत याला?

‘अगदी सुरुवातीलाच’

कॅमेरा दिसतं तेवढंच टिपतो. ग्रीनिंगचा जिवाणू झाडात शिरल्यावर लक्षणं दिसायला महिने, कधी वर्षंही जातात. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघते ती थेट बोंडात घुसते, आणि ते छिद्रही बुजतं. बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. पानाचा फोटो तिथं काय करणार?

शिवाय एक साधा हिशेब आहे. फोन १२ मेगापिक्सेलचा असला, तरी अशा अनेक मॉडेलांना फोटो आधी २५६ बाय २५६ एवढा आक्रसून दिला जातो. दहा सेंटिमीटरचं पान चौकटभर बसलं, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ०.४ मिलिमीटर पान येतं. एक मिलिमीटरचा फुलकिडा दोन-अडीच पिक्सेलांत संपला. लाल कोळी त्याच्याही निम्मा. आणि हे दोघे बहुतेक वेळा पानाच्या मागल्या बाजूला असतात, फोटो आपण पुढून काढतो.

‘प्रयोगशाळा नको’

वरच्या संत्र्याचंच घ्या. ग्रीनिंग झालेल्या झाडावर जस्ताच्या कमतरतेसारखी लक्षणंही दिसतात, त्यामुळं पान उजेडात धरणारा जाणकारही कधीकधी अडतो. तिथं पीसीआर चाचणीच लागते, कारण ती जिवाणूचा डीएनए शोधते, पानाचा रंग नाही.

‘औषधही तिथंच’

रोगच चुकला तर औषध चुकणार, हे उघड आहे. पण रोग बरोबर आला तरी ते औषध त्या पिकावर वापरायला मान्यता आहे का, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची, हे पानावर लिहिलेलं नसतं. निर्यातीच्या द्राक्षात अवशेषाची मर्यादा ओलांडली की कंटेनर अडतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ-नियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपात आपल्या द्राक्षांचं काय झालं, ते नाशिककडं कुणालाही विचारा.

‘कृषी सहायकाची वाट नको’

हेच ते अर्धं खरं वाक्य. पूर्व आफ्रिकेत कसाव्यासाठी ‘नुरू’ हे अ‍ॅप आहे. (कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो ते पीक.) २०२० च्या अभ्यासात नुरूनं ६५ टक्के वेळा बरोबर निदान केलं. तिथले कृषी विस्तार कार्यकर्ते ४० ते ५८ टक्क्यांवर होते आणि शेतकरी १८ ते ३१ वर. एका झाडाची सहा पानं दाखवली तर अ‍ॅप ७४ ते ८८ टक्क्यांपर्यंत गेलं. हे आकडे ९९ पेक्षा कितीतरी कमी आहेत आणि माझ्या लेखी कितीतरी मोलाचे, कारण ते शेतात मोजलेले आहेत. मात्र नुरू एकाच पिकाच्या मोजक्या रोग-किडींपुरतं आहे, आणि त्याला शिकवायला आफ्रिकेतल्याच शेतांतले फोटो वापरलेत. तरीही २०१९ मध्ये त्याच प्रकल्पातलं मॉडेल मोबाईलवर शेतात तपासलं, तेव्हा ठळक लक्षणं असलेल्या पानांवरही त्याचा एफ-वन गुणांक (खोटे इशारे आणि सुटलेले रोग, दोन्ही धरून काढलेला गुण) ३२ टक्क्यांनी घसरला होता. तिथले आकडे आपल्या कृषी सहायकाला सरसकट लावता येणार नाहीत, पण अ‍ॅप माणसापेक्षा सरस ठरू शकतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. आपल्याकडं ती परीक्षा पिकागणिक घ्यावी लागेल.

कापसात मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेनं निराळी वाट धरली. त्यांचं ‘कॉटनएस’ पान बघतच नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणाऱ्या) अडकलेले पतंग पसरायचे, फोटो काढायचा, अ‍ॅप ते मोजतं. एका सापळ्यात रोज ८ पतंग, सलग तीन दिवस, ही गुलाबी बोंडअळीसाठीची पातळी कृषी खातं अ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून सांगत आलंय. फवारायचं की थांबायचं ते त्यावरूनच ठरतं.