सत्तर मीटर आणि बेसिन

माझं पिवळ्या तबकडीचं सेको घड्याळ १९७० सालचं आहे. विकणाऱ्यानं सांगितलं म्हणून नव्हे. मागच्या झाकणावरच्या नंबरचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. तबकडीवर ऐटीत छापलंय, 'वॉटर ७० मीटर प्रूफ'. पुढच्या घड्याळांवरून 'प्रूफ' गेलं, 'रेझिस्ट' आलं. म्हणून जुनं घड्याळ घेताना तबकडीवर एक आणि झाकणावर दुसरं दिसलं, की डबी एका घड्याळाची आणि आतला ऐवज भलत्याचा असं समजून पुढच्या पथारीकडे सरकायचं.

सरकणं सोपं नसतं. "एकदम ओरिजनल, दादा. हात नाही लागलेला." हात कशाला लागेल, ब्रश लागलेला असतो! तबकडी नव्यानं रंगवलेल्या या मालाला परदेशातले शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऐकायला वडापावसारखं वाटतं, पण ती शिवी आहे.

माझ्या घड्याळातलं ६१३९ हे यंत्र १९६९ मध्ये आलं. चावी न देता चालणारं, वर स्टॉपवॉच असलेलं घड्याळ आधी कोण आणतो, यावरून तेव्हा स्विस आणि जपानी कंपन्यांची चुरस लागली होती. असलंच पिवळं सेको विल्यम पोग या अंतराळवीरानं १९७३ मध्ये नासाची मंजुरी नसताना खिशातून स्कायलॅब या अंतराळस्थानकावर नेलं. तिथे ते बिनतक्रार चाललं. माझ्या घड्याळाला मात्र आमच्या बेसिनची धास्ती. "आतली रबरं गेलीत. हात धुताना काढून ठेवत जा," घड्याळवाले काका डोळ्यावरचं भिंगही न काढता म्हणाले. त्यामुळे जून ते सप्टेंबर हे स्पोर्ट्‌स घड्याळ कपाटात असतं. घामही चालत नाही, म्हणून व्यायाम बंद. तो आधीही नव्हता, पण आता कारण भक्कम आहे.

राहता राहिला टॅकीमीटर. एक किलोमीटर कापायला किती सेकंद लागले, त्यावरून कडेच्या पट्टीवर वेग वाचायचा. पट्टी ५०० पासून उतरत ६० वर संपते. म्हणजे किलोमीटर मिनिटाच्या आत कापला तरच पुढची बात. मी संध्याकाळी कर्वे रस्त्यावर बटण दाबलं. सेकंदकाटा इमानानं फेऱ्या मारत राहिला, तीस मिनिटं मोजणारी खालची छोटी तबकडी भरत आली, आणि मी नळस्टॉपच्या सिग्नलला रिक्षाच्या धुरात उभा.

घरी खर्चाचा विषय निघाला की मी हॉलिवूड नट पॉल न्यूमनची रोलेक्स डेटोना काढतो. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला पावणेदोन कोटी डॉलरहून जास्त मिळाले! "जुनी घड्याळं म्हणजे गुंतवणूक असते," मी म्हटलं.

"ते त्याला बायकोनं घेऊन दिलं होतं ना?" बायकोनं ही कथा माझ्याच तोंडून ऐकलेली. "मागे 'गाडी जपून चालव' असं कोरूनसुद्धा दिलं होतं. तुझ्या घड्याळावर काय कोरू? हात धुऊ नकोस?"