सांबरांचा मीलनकाळ आणि रात्रीची बत्ती

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमचे शेत आहे. मार्गशीर्षात दादर ज्वारी निसवू लागते, त्याच दिवसांत वर डोंगरात सांबरांचा मीलनकाळ ऐन भरात असतो. शिकार उघडकीस आली की मेलेली जनावरे मोजली जातात, पंचनामा होतो आणि विषय मिटतो; पण या काही आठवड्यांत झालेला बंदुकीचा बार जिवंत राहिलेल्या सांबरांचे काय करतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही, आणि माझ्या मते मोठे नुकसान तिथेच आहे.

या काळात नर चिखलात लोळतो, मागच्या पायांवर उभा राहून फांद्यांना शिंगे घासतो आणि चरणे बरेच कमी करून अंगावरच्या चरबीवर दिवस काढतो. आमच्या बांधापलीकडच्या नाल्याकाठी मी अशी लोळण जवळून पाहिली आहे : खुरांचे खोल ठसे, कडेला छातीच्या उंचीवर साल सोललेले झाड, त्याला चिकटलेला ओला गाळ आणि चार राठ केस. एरवी कमालीचा सावध असणारा नर याच दिवसांत ठरावीक जागी फिरकतो, म्हणून गाडीतून बत्तीचा झोत टाकून शिकार करणाऱ्यालाही हाच काळ सोयीचा पडतो. त्या नाल्याकडून एकदा लागोपाठ दोन रात्री बार ऐकू आले. पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी जाऊन पाहिले; लोळण सुकून भेगाळली, नवा ठसा उमटला नाही.

पाठलाग होत राहिला की सांबरे दाट झाडीत दबून राहतात आणि पाण्यावर यायलाही मध्यरात्र उलटू देतात. माद्या पांगतात, नराची उरलीसुरली ताकद पळण्यात जाते. मोठ्या शिंगांचा नर आधी मारला जातो, मग माद्या वेळेवर फळत नाहीत. सांबराचा गर्भकाळ साधारण आठ महिन्यांचा. मार्गशीर्षात फळलेली मादी श्रावण-भाद्रपदात, हिरवा चारा असताना विते. उशिरा फळलेलीचे पाडस मात्र पाऊस सरल्यावर जन्मते आणि त्याच्या वाट्याला वाळलेले रान येते.

पिकाची नासाडी मीही सोसतो. पण रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा राग सांबरावर काढणे मला पटत नाही.

यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून. वनविभागाने कार्तिक ते पौष या काळात नाल्यांच्या आणि पाणवठ्यांच्या वाटांवर रात्रीची गस्त वाढवावी, ही माझी मागणी आहे. आणि बत्तीची गाडी कोणाची, हे ठाऊक असलेल्या गावकऱ्यांनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्याच रात्री कळवावे.