नेपोलियनला थंडीने नाही हरवलं

"पाच फूट दोन इंचांचा, गरीब घरातला एक मुलगा केवळ जिद्दीने सम्राट झाला. 'अशक्य' हा शब्द त्याच्या कोशात नव्हता. कोणताही माणूस त्याला हरवू शकला नाही. एकदा रशियाच्या थंडीने हरवलं, एकदा वॉटर्लूच्या पावसाने." हा मजकूर उगवत्या सूर्याच्या चित्रासकट तुमच्याकडेही कधीतरी आला असेल. वाचायला झकास आहे, पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात गडबड आहे.

उंचीचं पटकन उरकू. पाच फूट दोन इंच हे जुनं फ्रेंच माप. तो इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा होता. आजच्या हिशेबाने उंची भरते सुमारे १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. त्या काळच्या फ्रेंच माणसासाठी बेताचीच. त्याला बुटका केला तो गिलरेसारख्या इंग्रज व्यंगचित्रकारांनी.

आता गरिबी. वडील कार्लो कोर्सिकातले वकील. घर श्रीमंत नव्हतं, पण खानदानी होतं. त्या खानदानीपणाचा दाखला त्यांनी फ्रेंच सरकारकडून मिळवला, म्हणूनच मुलाला ब्रिएनच्या लष्करी शाळेत राजाच्या खर्चाने शिकता आलं. शेतकऱ्याच्या पोराला ते दार बंद होतं. पुढे क्रांती झाली, सरदार घराण्यांतले अधिकारी देश सोडून पळाले आणि वरच्या जागा धडाधड रिकाम्या झाल्या. १७९३मध्ये फ्रान्सच्या तूलाँ बंदराच्या वेढ्यात तोफा नेमक्या कुठे लावायच्या हे या पोराने ओळखलं आणि चोविसाव्या वर्षी तो ब्रिगेडियर जनरल झाला. बुद्धी अफाट होती, जिद्दही होती. पण रिकामी खुर्ची जिद्दीने तयार होत नाही.

थंडीचा मुद्दा मात्र सावकाश बघायला हवा, कारण तो शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात.

मिनार नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८६९मध्ये नेपोलियनच्या रशियावरच्या मोहिमेचा एक आलेख काढला. फौज जितकी मोठी तितका पट्टा रुंद, अशी त्याची रचना. २४ जून १८१२ला फौज रशियाच्या सरहद्दीवरची नेमान नदी ओलांडू लागली, तिथे पट्ट्यावर आकडा आहे ४,२२,०००. मॉस्कोपाशी पट्टा उरतो १,००,०००चा. वाटेत काही तुकड्या बाजूला पाठवल्या होत्या, त्या वजा केल्या तरी नुकसान प्रचंड आहे. आणि मॉस्को गाठलं कधी? १४ सप्टेंबरला. बर्फाचा पत्ता नव्हता! माणसं गेली ती उन्हाळ्यात: उकाडा, हगवण, टायफस आणि उपासमार यांनी, मग मॉस्कोच्या वाटेवरच्या बोरोदिनोच्या लढाईत. घोडे शेतातलं हिरवं, कोवळं धान्य खाऊन पोटशुळाने मेले. रसदगाड्या मागे चिखलात अडकल्या, कारण इतक्या मोठ्या सैन्याला रोज खाऊ घालता येईल असे रस्ते त्या मुलखात नव्हतेच.

मॉस्कोत झार तहाला येईल या आशेवर त्याने पाच आठवडे घालवले. १९ ऑक्टोबरला तो निघाला. दक्षिणेची, न लुटलेली वाट धरायची होती. मालोयारोस्लावेत्सच्या लढाईनंतर त्याने तो बेत सोडला आणि येताना स्वतःच ओरबाडलेल्या रस्त्यानेच परत फिरला. बर्फ पडू लागला नोव्हेंबरच्या सुरुवातीला. थंडीने हजारो मेले हे खरंच, पण बर्फावर न घसरणारे नाल घोड्यांना ठोकले नव्हते, हा दोष थंडीचा कसा? आणखी एक गंमत. परतीच्या वाटेवरच्या बेरेझिना नदीवर नेमकं हवामान उबदार झालं आणि बर्फ वितळला. नदी गोठलेली असती तर फौज चालत पार झाली असती. तिथे थंडी कमी पडली म्हणून पूल बांधावे लागले.

"कोणी माणूस हरवू शकला नाही" या वाक्याला तर जर्मनीतल्या लढाईचं नाव, लाइपझिग, हा एक शब्द पुरे. ऑक्टोबर १८१३, चार दिवस, रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि स्वीडन एकत्र. सरळ मैदानात पराभव. पुढच्या एप्रिलमध्ये गादी सुटली. त्याआधी १७९९मध्ये आक्रेचा वेढा उठवावा लागला होता आणि १८०९मध्ये व्हिएन्नाजवळच्या आस्पर्नला ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक कार्लने त्याला मागे रेटलं होतं.

वॉटर्लूला आदल्या रात्री पाऊस पडला, जमीन वाळावी म्हणून हल्ला लांबला, हे खरं. पण चिखल काय फक्त फ्रेंचांच्याच पायाखाली होता? इंग्रजांच्या मदतीला सेनापती ब्ल्यूखरचे प्रशियन त्याच चिखलातून तोफा ओढत आले आणि वेळेवर पोचले. सुमारे ३३,००० फ्रेंच सैनिक मात्र ग्रूशी या सेनापतीसोबत दुसरीकडेच होते. त्यांना आदल्या दिवशी नेपोलियननेच पाठवलं होतं. समोर इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टन होता, ज्याला फ्रेंच बाजूने '(हिंदुस्थानी) शिपायांचा सेनापती' म्हणून हिणवलं जाई. त्याची हिंदुस्थानातली मोठी लढाई आपल्या जालना जिल्ह्यातली: २३ सप्टेंबर १८०३, असई, शिंदे-भोसल्यांविरुद्ध. शिंद्यांचे कवायती कंपू आणि तोफखाना यांच्यापुढे त्याची खूप माणसं पडली, तरी पुढे म्हातारपणीही तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेई.

राहिला 'अशक्य'. त्या वाक्याचं मूळ एका पत्रात सापडतं. माग्देबुर्गच्या किल्ल्यावरच्या लमारुआ नावाच्या जनरलने 'हे शक्य नाही' असं कळवलं, त्यावर नेपोलियनने लिहिलं की हा शब्द फ्रेंच नाही. पत्राची तारीख ९ जुलै १८१३. लाइपझिगला तीन महिने उरले होते.