पिवळी पट्टी कुठे न्यावी

सर्वप्रथम अभिनंदन. ठाण्यातल्या एका सार्वजनिक इमारतीचा कार्यभार तुमच्याकडे आला आणि त्याच आठवड्यात ‘सदर इमारत दृष्टिबाधित व्यक्तींसाठी सुगम्य करणेबाबत’ ही नस्तीही टेबलावर आली. घाबरू नका. अशा नस्त्या या टेबलावरून त्या टेबलावर सुखरूप पोचताना मी बऱ्याच पाहिल्या आहेत. नस्तीला वाटेत कधी ठेच लागत नाही.

आधी तारखा समजून घ्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा, नियम १५ जून २०१७चे. जुन्या सार्वजनिक इमारती त्यानंतर पाच वर्षांच्या आत सुगम्य करा, असं कलम ४५ सांगतं. म्हणजे जून २०२२. ही तारीख उलटून गेली हे तुमच्या पथ्यावरच पडलंय; एकदा संपलेली मुदत काही पुन्हा संपत नाही. कलम ८९मध्ये दंड आहे, पण पहिल्या वेळी फार तर १० हजार रुपये. तेवढ्यात सभागृहाचे पडदेसुद्धा बदलून होत नाहीत. दुसऱ्यांदा चूक झाली तर तो ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत जातो. दुसरी वेळ येईपर्यंत तुमची बदली झालेली असेल.

जरा पंचाईत केली आहे ती सुप्रीम कोर्टाने. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी २००५ साली याचिका केली होती. त्यावर ८ नोव्हेंबर २०२४ला कोर्ट म्हणालं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणं कायद्याला धरून नाही, किमान काही निकष तीन महिन्यांत बंधनकारक करा. ‘करावे’ आणि ‘करावेच’ यांतला एवढा एक ‘च’ मिळवायला एकोणीस वर्षं लागली. तुम्ही तुमच्या टिपणात तो ‘च’ ओळीच्या अगदी शेवटी येईल असं पाहा, म्हणजे पंच मारताना भोक त्याच्यावर पडेल.

आता प्रत्यक्ष काम. म्हणजे पायाला आणि काठीला वाट सांगणाऱ्या पिवळ्या टाइल्स.

या टाइल्स सेइची मियाके नावाच्या एका जपानी माणसाने १९६५ साली शोधल्या. मित्राची नजर जात चालली होती म्हणून पदरचे पैसे घालून. १८ मार्च १९६७ला ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. ना निविदा, ना अनामत रक्कम, ना तीन दरपत्रकं. असल्या माणसाचं आपल्याकडे ऑडिट कसं झालं असतं, याचा विचार करून मला अधूनमधून हसू येतं.

त्यांची भाषा दोनच अक्षरांची. लांब उठावाच्या रेषा म्हणजे ‘चालत राहा’. गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे जिना आहे, दार आहे किंवा वळण आहे’. ठेकेदाराकडे बहुधा ठिपक्यांचा लॉट शिल्लक असतो. त्याला अडवू नका. फाटकापासून शेवटच्या टेबलापर्यंत ठिपकेच ठिपके बसवू द्या. येणाऱ्याला पावलोपावली ‘सावधान, सावधान’ असा इशारा मिळत राहील, आणि एखाद्या कचेरीबद्दल नागरिकाला याहून प्रामाणिक माहिती आजवर कुणी दिलेली नाही.

पट्टी सरळच न्यावी. वळवायची म्हटली की टाइल कापावी लागते, कापली की तुटते, तुटली की मोजमापात बसत नाही. मध्ये खांब आला तर पट्टी खांबाच्या या अंगाला थांबवून त्या अंगापासून पुन्हा सुरू करावी. खांबाच्या जागी नागरिकाने स्वतःची कल्पनाशक्ती वापरावी. जिथे पट्टी फारच मोकळी आणि उघडीबोडकी दिसते तिथे एक अरेका पामची कुंडी ठेवा, दोन्हीकडून शोभा येते. फाटकाबाहेरच्या भागाची काळजी नको, तो दुचाकीवाले आपोआप भरून काढतात.

वास्तुविशारद म्हणेल की पिवळा रंग ग्रॅनाइटला शोभत नाही, राखाडी घेऊ. घ्या. दृष्टिबाधितांपैकी बहुतेकांना थोडंफार दिसतं आणि पिवळा त्यांच्यासाठीच असतो, हे त्याला सांगून बैठक लांबवू नका. तेच पायऱ्यांचं. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी मारली की कमी नजरेच्या माणसाला पायरी कुठे संपते ते कळतं, आणि पाहुण्यांसाठी अंथरलेल्या लाल गालिचाखाली ती पट्टी अजिबात दिसत नाही. बजेट अगदीच आटलं असेल तर टाइल्सऐवजी पिवळा ऑइलपेंट. फोटोत तसूभरही फरक पडत नाही.

ब्रेलच्या पाट्यांना मात्र थोडं डोकं लावावं लागतं. पाटी दाराच्या चौकटीवर, सात फुटांवर बसवा. बाकीच्या पाट्या तिथेच असतात आणि एकसारखेपणाला महत्त्व आहे. बोटांनी मळू नये म्हणून वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण घाला. पाटी उलटी बसली तर हरकत नाही, ती बसवणाऱ्याला सगळे ठिपके सारखेच. हरकत नाही म्हटलं खरं, पण एक गंमत सांगतो. ब्रेलमधला ‘प’ उलटा केला की ‘आता पुढे आकडा येणार’ याचं चिन्ह तयार होतं. ‘पुरुष’ ही पाटी उलटी लावा. बोट भलत्याच अक्षरांवरून चाचपडत शेवटाला पोचतं, तिथे कळतं की आता आकडा येणार, आणि पुढे येते नुसती भिंत. ज्याला घाईची लागली आहे त्याने स्वच्छतागृहाच्या दारात उभं राहून कोणत्या आकड्याची वाट पाहायची, हे सुज्ञांना सांगायला नको.

लिफ्टच्या बटणांवर करोनाच्या काळात लावलेलं प्लास्टिक अजून असेलच. राहू द्या, खालचं ब्रेल नवंकोरं राहतं. मजला सांगणारा आवाज वॉचमनने स्पीकरला चिकटपट्टी लावून बंद केला असेल, कारण दिवसभर ‘डोअर ओपनिंग’ ऐकून त्याचं डोकं उठतं. त्याच्या बाजूने मी आहे. टोकन यंत्र घ्याल ते फक्त ‘टिंग’ वाजवणारं घ्या. आकडा पडद्यावर दिसतोच. ज्याला दिसत नाही त्याने टिंग मोजावेत.

एक कानमंत्र. काम सुरू होण्याआधी कुठल्याही दृष्टिहीन माणसाला विचारू नका. तो इमारतीतून चालून दाखवतो आणि अंदाजपत्रकाची वाट लागते. त्याला उद्घाटनालाच बोलवा. दोन्ही हातांत पुष्पगुच्छ आणि श्रीफळ दिलं की काठी धरायला हात उरत नाही आणि तो एका जागी उभा राहतो. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून दहा पावलं चालवा. सगळ्यांना फार वेगळं वाटतं. मग पट्ट्या सोडून वडापाव.

‘आमच्याकडे तसे कुणी येतच नाहीत’ हे उत्तर तयार ठेवा. त्याला तोड नाही. पण कधीतरी एखादा येतो.

आमच्या इमारतीतले काका त्यातले. सरकारी खात्यात टेलिफोन ऑपरेटर होते, निवृत्त झाले. नौपाड्यातून निघतात ते एकटे. वड्याच्या घाण्याचा वास आला की डावीकडे, तलावपाळीचं गार वारं लागलं की कडेकडेने, ओल्या कोथिंबिरीचा आणि झेंडूचा वास एकत्र आला की जांभळी नाका. हयातीचा दाखला द्यायला परवा एका कचेरीत गेले. कुठल्या ते विचारू नका, तुमची नव्हे. मी सोबत होतो, पण दोन पावलं मागे राहायचं, अशी त्यांची अट.

“रस्ता बोलतो रे,” काका दारातच म्हणाले, “आत आलं की फरशी गप्प.”

गप्प कसली, ठिपक्यांवर ठिपके होते. काका पहिल्या ठिपक्यांवर थांबले. काठीने पुढे जिना शोधला, नव्हता. दार शोधलं, नव्हतं. एक पाऊल पुढे, पुन्हा ठिपके, पुन्हा थांबले. पाच-सहा वेळा असं झाल्यावर त्यांनी टाइल्सवर विश्वास ठेवणं सोडलं आणि भिंतीच्या कडेने निघाले. काठी जमिनीलगत फिरते, तेव्हा खालचं सगळं तिला कळतं. छातीच्या वर काय लटकतंय ते कळत नाही. भिंतीवर लोखंडी सूचनापेटी होती, बरोबर कपाळाच्या उंचीवर. काकांची सूचना तिथे थेट पोचली, चिठ्ठी लिहावी लागली नाही.

ठाणेकरांना एका गोष्टीचा मोठा अभिमान. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ३४ किलोमीटर धावून इथे आली. त्या मानाने दारापासून खिडकी क्रमांक ४पर्यंतचं अंतर, मी डोळ्यांनी मोजलं, ३४ फूट असेल नसेल.

कपाळावर रुमाल धरून काका उभे होते, तेवढ्यात एक तरुण कारकून लगबगीने आला. काठीचं टोक धरून त्यांना ओढत एका टेबलापाशी घेऊन गेला. मला वाटलं, पाणी देतोय. त्याने स्टँपपॅड उघडलं.

“काका, अंगठा द्या जरा.”

“मी सही करतो. एकतीस वर्षं केली.”

“नाही, अंगठाच बरा पडतो. तुमच्या लोकांचा अंगठाच असतो.”

“दाखल्यावर हवाय?”

“दाखला नंतर. हे सुगम्यतेचं रजिस्टर आहे. उद्या वरून तपासणी येणार आहे आणि दिव्यांग अभ्यागताच्या अभिप्रायाचा रकाना कोराच राहिलाय.”

अंगठा उमटला. काकांनी तो पँटला पुसत विचारलं, “मी अभिप्राय काय दिलाय?”

“उत्तम सोय आहे, असं.”

“अक्षर बरं काढलंयस ना?”

कारकून हसला. रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं.

“आता खिडकी क्रमांक चार कुठे ते सांग,” काका म्हणाले.

“एकदम सोपं आहे काका. ती खाली पिवळी पट्टी दिसतेय ना? तिच्यावरून नाकासमोर जा.”