तळ्याची उलटी प्रदक्षिणा

परक्या देशात एका परक्या गृहस्थाने माझ्या सायकलची सीट माझ्या डोळ्यांदेखत चार बोटे वर चढवली आणि मी त्याबद्दल त्याचे चार वेळा आभार मानले, या घटनेला आज पाच दिवस झाले. तरीही रात्री अंथरुणावर पडले की त्या माणसाला तेव्हा काय सुनवायला हवे होते याची एकाहून एक सुरेख वाक्ये मला सुचत राहतात. ती सगळी मराठीत असतात, हा भाग वेगळा.

मुलगी जिनिव्हात असते. तिथून चाळीसेक किलोमीटरवर, सरहद्दीपलीकडे फ्रान्समध्ये, आन्सी नावाचे गाव आणि त्याच नावाचे तळे आहे. ‘बाबा, तिथे सायकलींसाठी वेगळी वाट आहे, एकही गाडी आडवी येत नाही, तुम्हाला फार आवडेल,’ असे म्हणून तिने आम्हा दोघांना भाड्याच्या सायकली घेऊन दिल्या. हिच्यासाठी विजेवरची आणि माझ्यासाठी साधी, कारण ‘मी पुण्याचा आहे, मला मोटार लागत नाही’ असे मी दुकानात बोलून बसलो होतो.

पश्चिम काठाची ही वाट म्हणजे मुळात लोहमार्ग. आन्सीहून आल्बेरव्हिलला जाणारी ही गाडी १९०१ मध्ये सुरू झाली, पुढे यथावकाश बंद पडली, आणि आता त्या मार्गावर डांबराची गुळगुळीत पट्टी आहे. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे, म्हणून रेल्वेवाले भराव घालत, बोगदे खणत, पण वाट सपाट ठेवत. शंभर वर्षांपूर्वी इंजिनाचे केलेले ते लाड आज माझ्यासारख्यांच्या पायांना मिळतात. माझे आजोळ यवतमाळचे. मूर्तिजापूरहून तिथे येणारी छोट्या रुळांची शकुंतला कित्येक वर्षे बंद आहे, आणि तिकडचे लोक तिच्या जागी सायकलची वाट मागत नाहीत, गाडीच परत मागतात, यात त्यांचे काही चुकत नाही. पण रूळ आणि वाट या दोहोंपैकी काहीच न मिळण्याला काय म्हणावे, हे मला आन्सीला पहिल्या पाच किलोमीटरांत सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही.

निघतानाच हिने आक्षेप घेतला होता. आन्सीहून पश्चिम काठाने दक्षिणेला निघाले की तळे डाव्या हाताला राहते. ‘अहो, ही उलटी प्रदक्षिणा झाली,’ ती म्हणाली. मी म्हणालो, हे तळे आहे, देऊळ नव्हे, आणि सगळे जण असेच जात आहेत. ‘सगळ्यांचे त्यांचे ते बघतील,’ असे म्हणून तिने पेडलवर नुसता पाय ठेवला आणि सेव्ह्रिए गावाच्या दिशेने दिसेनाशी झाली. पेडल मारीत राहिल्यास ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत तिची मोटार मदत करते. मला मदत करणारे कोणी नव्हते, आणि अकरा-बारा किलोमीटरांवर जे भेटले, ते भेटले नसते तर बरे झाले असते.

द्वँ नावाच्या गावाशी डोंगर तळ्यात उतरतो, आणि जुन्या रेल्वेचा बोगदा त्याच्या पोटातून जातो. तोंडाशी थंडगार हवा येत होती, म्हणून मी कडेला थांबलो. तिथल्या कठड्यावर एक गृहस्थ बसले होते. वय ऐंशीच्या अलीकडे नसावे. अंगाला चिकटलेला पिवळा शर्ट, पोटऱ्यांवर दोरखंडासारख्या शिरा, आणि हातात एक छोटा चाकू, ज्याने ते पीच नावाच्या फळाच्या फोडी करून अत्यंत सावकाश खात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग माझ्या सीटकडे पाहिले. मग पुन्हा माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की आपण लग्नाला लेंगा उलटा घालून आलो आहोत की काय, असे मला वाटले.

‘नों,’ ते म्हणाले. मी ‘बाँजूर’ म्हणालो. ‘नों, नों, नों,’ ते म्हणाले आणि उठले. उरलेले पीच त्यांनी कठड्यावर ठेवले, चाकू मांडीला पुसून मिटला, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून माझी नक्कल केली. गुडघे दोन्ही बाजूंना फाकवलेले, कोपरे बाहेर, हनुवटी हँडलवर, आणि पाय असे गरागरा फिरताहेत की बेडूक शिवणयंत्र चालवतो आहे असे वाटावे. बोगद्यातून बाहेर पडणारे एक तरुण जोडपे ते पाहून मोकळेपणी हसले. माझी नक्कल करण्याचा हक्क मी माझ्या बायकोलासुद्धा दिलेला नाही. तिने तो आपणहून घेतला आहे.

त्यानंतर त्यांनी मला शिकवले. टाच पेडलवर ठेवायची, पेडल अगदी खाली न्यायचे, आणि तेव्हा पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. तसा झाला तर सीट बरोबर, गुडघा वाकलेला राहिला तर सीट खाली आणि गुडघ्याचे वाटोळे. हे सगळे फ्रेंचमध्ये, पण हातवारे इतके स्पष्ट होते की मला प्रत्येक शब्द कळला, आणि दुर्दैव असे की प्रत्येक शब्द पटला. शर्टाच्या पाठीवरच्या खिशातून त्यांनी ॲलन-की काढली. मी ‘असू द्या, असू द्या’ या अर्थाने मान दोन्ही बाजूंना डोलावली. ती मान त्यांना ‘अजून नाही, आणखी वर’ अशी दिसली असावी, कारण त्यांनी सीट एक बोट वर केली आणि माझ्याकडे पाहिले. मी ‘मेर्सी’ म्हणालो आणि पुन्हा मान डोलावली. आणखी एक बोट. तिसऱ्या बोटाला त्यांनी पीचची एक फोड कापून माझ्या हातात दिली, आणि ज्याच्या हातचे फळ आपण खातो आहोत त्याच्याशी भांडावे कसे, या विचारात मी असतानाच चौथे बोट झाले. फोड मात्र विलक्षण गोड होती, हे कबूल करावेच लागेल.

त्यांना सांगायचे ते राहूनच गेले. सीट खाली ठेवणे हे माझे अज्ञान नव्हे. चाळीस वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर सायकल चालवून मी काढलेले ते सार आहे. पुढची रिक्षा कधीही थांबते, कडेच्या मोटारीचे दार कधीही उघडते, आणि त्या क्षणी दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. गुडघ्याचे काय व्हायचे ते साठीनंतर बघता येते. आमच्याकडेही सायकलींसाठी पट्टे आखले गेले. त्यांवर दुचाक्या उभ्या असतात, वडापावच्या गाड्या असतात, एका ठिकाणी तर पट्ट्याच्या मधोमध विजेचा डबा आहे आणि पट्टा त्याच्या पोटात शिरून पलीकडून निमूटपणे बाहेर येतो. सायकलींचे शहर म्हणून ज्या गावाचे एके काळी नाव होते, तिथे आज मुलाला सायकल घेऊन देताना आईबाप ‘सोसायटीच्या आतच चालव’ असे बजावतात, आणि हे लिहिताना मला मुळीच गंमत वाटत नाही. मी बुटका नाही, भित्रा नाही, मी वाहतुकीच्या मापाने शिवलेला माणूस आहे, आणि हे चार शब्दांच्या फ्रेंचमध्ये एका पिवळ्या शर्टाला समजावणे शक्य नव्हते.

त्यांनी पाठीवर थाप मारली, उरलेले पीच उचलले आणि पुन्हा कठड्यावर बसले. मी कठड्याचाच आधार घेऊन वर चढलो आणि बोगद्यात शिरलो.

वर बसल्यावर सायकल पाण्यासारखी पळू लागली, याचा मला विशेष राग आला. अडचण थांबण्याची होती. सहावीत असताना आम्ही आडव्या नळीखालून पाय घालून हाफ पेडल शिकलो; सीटवरून पुढे सरकून एक पाय टेकवायचा असतो, ही विद्या कोणी शिकवली नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. बोगद्यापुढे वाट एका लहानशा रस्त्याला छेदते. तिथे एक मोटार येत होती, आणि ती मला पाहून थांबली. चालकबाईंनी हसून ‘जा’ अशी खूण केली. आयुष्यात पहिल्यांदाच मोटार माझ्यासाठी थांबली होती, त्या धक्क्याने मी ब्रेक दाबला, पाय खाली सोडला, आणि जिथे जमीन असायला हवी होती तिथे ती नव्हती. मी सायकलीसकट शांतपणे उजवीकडच्या गवतात निजलो. बाई उतरून आल्या. मी ‘मेर्सी’ म्हणालो.

काठावर बसून कोपर धुताना तळाचे गोटे एकेक मोजता येत होते. मुलीने सकाळीच सांगितले होते की तळे घाण होऊ लागले तेव्हा काठच्या गावांनी १९५७ मध्ये एकत्र येऊन भोवताली सांडपाण्याचे नळ टाकायला घेतले. म्हणजे सायकलींच्या कितीतरी आधी मैलापाण्याने या तळ्याला वळसा घातला. कोपर पुण्याच्या मुठा नदीत धुतले असते तर डॉक्टरांकडे जावे लागले असते.

दुसार गावापुढे तळ्याचे टोक ओलांडून पूर्व काठाला लागले की रेल्वेचे उपकार संपतात. इकडे कधी गाडी आलीच नाही, म्हणून सपाटीही नाही. वाट मधूनमधून मोटाररस्त्याच्या कडेला येते आणि एका गावापाशी चढू लागते, ज्याचे नाव कानाला थेट ‘तलवार’ असे ऐकू येते. चढावर थांबणे भाग होते आणि थांबणे अशक्य होते, म्हणून मी खांब शोधीत गेलो. रस्त्याच्या पाटीचा खांब, दिव्याचा खांब, एकदा तर एका घराचे फाटक, ज्याच्या आतला कुत्रा मी तिथे टेकून दम खात असेपर्यंत अवाक्षर बोलला नाही. चालायला लागल्यापासून फार दिवस झाले नसावेत असा एक मुलगा बिनपेडलच्या सायकलीवर दोन्ही पाय टेकवीत माझ्या पुढे गेला. त्याची सीट अगदी योग्य उंचीवर होती, म्हणजे माझ्या मताप्रमाणे.

चढ संपला तिथे ही आइस्क्रीम खात बसली होती. माझ्या कोपराकडे आणि गवताने हिरव्या झालेल्या विजारीकडे पाहून ती फक्त ‘उलटी’ एवढेच म्हणाली.

संध्याकाळी दुकानातल्या मुलाने मडगार्डावरचा ओरखडा पाहून अनामतीतले अठरा युरो कापून घेतले. मग सीटवर हात ठेवून तो माझ्याकडे कौतुकाने पाहत ‘पार्फे’, म्हणजे ‘अगदी अचूक’, असे म्हणाला, आणि इंग्रजीत विचारले, ही उंची तुम्ही स्वतःच लावलीत का? मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. गेली सहा वर्षे सायकल चालवल्यावर माझा उजवा गुडघा दुसऱ्या दिवशी हमखास ठणकतो, आणि त्या दिवशी, चाळीस किलोमीटरांनंतर, त्याने चकार शब्द काढला नाही. हिने चहा ठेवता ठेवता विचारले, ‘गुडघा कसा आहे?’

‘दुखतोय,’ मी म्हणालो, आणि दिवसभर मुलीच्या घरचा जिना कठडा धरून चढलो.