केजीकडे बघा जरा

टेनेशियस डी या दोघांच्या अमेरिकन विनोदी रॉक बँडचा विषय निघाला की लोक जॅक ब्लॅकबद्दलच (हॉलीवूडचा नट, बँडमधला जेबी) बोलतात. साहजिक आहे, माणूस आहेच तसा, भुवया नाचवतो, पोट पुढे काढून स्टेजभर फिरतो, आवाज तर असा की खराखुरा मेटल सिंगर मान खाली घालेल. पण मला दरवेळी ओरडून सांगावंसं वाटतं की अरे त्याच्या शेजारी गिटार घेऊन उभा असलेला तो टकला माणूस बघा ना! काईल गॅस. केजी. माझं ठाम मत आहे की हा बँड त्याच्या उजव्या हातावर उभा होता.

हे परत आठवायचं कारण म्हणजे या रविवारी कपाट आवरताना त्यांची 'द कम्प्लीट मास्टर वर्क्स' ही डीव्हीडी सापडली. दोन डिस्कचा सेट, २००३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला. पुण्यात हॉस्टेलला असताना रूममेटच्या भावाने अमेरिकेहून आणला होता आणि कॉलेज संपताना रूममेटने तो मला देऊन टाकला. आता घरात डीव्हीडी लागेल असं एकही यंत्र नाही, मग खालच्या मजल्यावरच्या काकांकडून त्यांचा जुना प्लेयर मागून आणला, डिस्क बनियनच्या कापडाने आतून बाहेर सरळ पुसली (गोल पुसायची नसते, चरे पडतात), आणि रात्री साडेनऊला लावली ती एक वाजेपर्यंत बघत बसलो.

पहिलं म्हणजे कॉन्सर्ट. लंडनची ब्रिक्स्टन अकॅडमी, ३ नोव्हेंबर २००२. जवळजवळ पाच हजार माणसं मावणारं थिएटर, आणि समोर दोन माणसं, दोन अकूस्टिक गिटार. त्यांच्या २००१ च्या अल्बमवर ड्रम्स वाजवलेत निर्व्हाना बँडवाल्या डेव्ह ग्रोलने, म्हणजे लोक तो दणका कानात घेऊन आलेले असणार, आणि इथे हे दोघं लाकडी गिटार घेऊन उभे. तरी तो दणका बसतो! कसा बसतो ते मी यावेळी नीट बघितलं. जेबी तोंडाने सोलो घेतो, गाणं मधेच सोडून बडबडायला लागतो, पब्लिकला चिडवतो, सूर कुठल्या कुठे नेऊन ठेवतो, आणि केजीचा हात चालूच. तो हसत नाही, घाई करत नाही, जेबी परत येईपर्यंत लय तिथेच धरून ठेवतो आणि जेबी परत येतो तो बरोब्बर समेवर आल्यासारखा. तमाशात सोंगाड्या कितीही उधळला तरी ढोलकी आणि मागे झील धरणारे सुरते जागचे हलत नाहीत ना, तसंच. आणि वरून केजी दुसरा आवाज पण लावतो, हेडफोन लावून ऐका म्हणजे कळेल की कोरस भरल्यासारखा वाटतो तो त्या आवाजामुळे.

त्या कॉन्सर्टमध्ये केजी बँड सोडून जातो असं एक भांडणाचं नाटक पण आहे, गाण्यासकट. आधी मी त्यावर नुसता हसायचो. यावेळी हसूच आलं नाही, का ते पुढे सांगतो.

या सेटची खरी मजा अशी की एकच गाणं तीन अवस्थांत बघायला मिळतं. 'ट्रिब्यूट'. गोष्ट साधी, दोघांना रस्त्यात राक्षस अडवतो, जगातलं सगळ्यात भारी गाणं वाजवा नाहीतर आत्मे खातो म्हणतो, हे वाजवतात, सुटतात, आणि नंतर ते गाणं आठवतच नाही, म्हणून हे गाणं त्या गाण्याची फक्त आठवण. एचबीओ चॅनेलवरच्या त्यांच्या जुन्या छोट्या एपिसोड्समध्ये हे एका छोट्या ओपन माइकच्या स्टेजवर वाजवतात. मग लियाम लिंचने दिग्दर्शित केलेला व्हिडिओ, त्यात मॉलमधल्या कराओके बूथमध्ये दाटीवाटीने उभे राहून, आणि राक्षस झालाय स्वतः डेव्ह ग्रोल. आणि मग ब्रिक्स्टन, जिथे अख्खं थिएटर शब्दन् शब्द त्यांच्याबरोबर म्हणतं. यूट्यूबवर हे सगळं तुकड्या-तुकड्यात मिळेल पण एका रात्रीत एकापाठोपाठ बघितलं की कळतं की हे लोक रॉकची टिंगल करतच नव्हते, त्यांचा जीव होता त्यात. रॉनी जेम्स डिओ या मोठ्या मेटल गायकावर गाणं केलं तर खुद्द डिओने त्यांना आपल्या व्हिडिओत घेतलं, पुढे त्यांच्या पिक्चरमध्ये तो स्वतः आला, आणि तो गेल्यावर त्याचंच गाणं म्हणून यांना २०१५ ला बेस्ट मेटल परफॉर्मन्सचं ग्रॅमी मिळालं. टिंगल करणाऱ्यांना हे मिळत नाही.

शिव्या भरपूर आहेत, घरच्यांसमोर लावू नका. आणि बायकांवरची एकदोन गाणी आज मला खटकतात, तिथे मी पुढे ढकललं.

आता ते भांडणाचं. जुलै २०२४ ला सिडनीच्या शोमध्ये केजीचा वाढदिवस होता, स्टेजवर केक आणला, आणि ट्रम्पवर नुकत्याच झालेल्या गोळीबारावरून तो नको ते बोलून गेला. बोलायला नको होतं, त्याने माफीही मागितली. जेबीने उरलेला टूर रद्द केला. तीस वर्षं! १९९४ पासूनची जोडी. लॉस एंजेलिसला एकाच नाटक कंपनीत भेटलेले दोघं, केजीने जेबीला गिटार शिकवलेली आणि फी म्हणून खायला घेतलेलं. जेबीला कोणावर गोळी झाडण्याचं समर्थन नको होतं हे मला शंभर टक्के पटतं, तरी त्या सगळ्या गदारोळात केजीच्या वाजवण्याबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्या रात्री ब्रिक्स्टनमधलं ते लुटूपुटूचं भांडण बघताना घशात आवंढा आला.

भाचा दहावीचा आहे, नवीन गिटार घेतलीये. काल त्याला बसवून 'ट्रिब्यूट' लावलं, जेबीवर हात धरून स्क्रीन झाकला आणि म्हटलं फक्त केजीचा हात बघ. तीन वेळा बघितलं त्याने. आता आतल्या खोलीत ए मायनर धरून बसलाय, दुसरी तार अजून नीट वाजत नाहीये.